संसदेचे प्रश्नोत्तरांचे दालन: आरोग्य आणि न्याय या दोन खात्यांच्या कसोटीवर

संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांचे एक दालन आहे. लोकसभेच्या आणि राज्यसभेच्या सदस्यांनी मंत्र्यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांना सभागृहात मिळालेली उत्तरे तेथे खाते, सदस्य, अधिवेशन आणि दिनांक यांनुसार शोधता येतात. त्यासाठी शुल्क नाही. मी गरजूंना मोफत कायदेशीर मदत मिळवून देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीचा विधी स्वयंसेवक म्हणून काम करतो आणि गेली काही वर्षे हे दालन नियमितपणे वाचतो. ही नागरिकांना मिळणारी एक सेवाच आहे असे मी मानतो, आणि सेवा म्हटली की तिचे परीक्षण व्हायला हवे. त्यासाठी मी दोनच खाती निवडली आहेत, कारण माझ्याकडे येणाऱ्या माणसांच्या अडचणी बहुतेक वेळा याच दोन दारांशी अडतात: दवाखान्याचे दार आणि कोर्टाचे दार.

ही दोन दारे एकमेकांना किती लागून आहेत हे मला एका मारहाणीच्या प्रकरणात कळले. जखमी बाईला घेऊन आम्ही एका ग्रामीण रुग्णालयात गेलो तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त होते आणि प्रभारी डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येत होते. जखमांचे प्रमाणपत्र उशिरा मिळाले, त्यामुळे कागद उशिरा गेले आणि पुढे न्यायालयात एकामागून एक तारखा पडत गेल्या. डॉक्टर नाही म्हणून न्याय लांबला, एवढी साधी ती गोष्ट होती. त्या रात्री घरी येऊन मी पहिल्यांदा या दालनात 'रिक्त पदे' हे शब्द टाकून शोध घेतला.

सेवेची रचना थोडक्यात सांगतो. लोकसभेत बैठकीचा पहिला तास, म्हणजे सकाळी ११ ते १२, प्रश्नांसाठी राखून ठेवलेला असतो; राज्यसभेत हा तास २०१४ पासून दुपारी १२ वाजता सुरू होतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, तर राज्यसभेत १५ आणि १६०. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. खात्यांना वार वाटून दिलेले असतात. लोकसभेत आरोग्य आणि विधी व न्याय ही दोन्ही खाती गेल्या काही वर्षांत शुक्रवारच्या गटात आहेत, त्यामुळे माझ्यासारख्याला एकाच दिवसाची यादी उघडून दोन्ही पाहता येतात.

माहितीच्या अधिकाराशी या सेवेची तुलना करण्याचा मोह होतो. त्या कायद्याखाली १० रुपये भरून अर्ज केला की ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे, आणि ते उत्तर त्या कार्यालयाचा जन माहिती अधिकारी देतो. येथे उत्तर मंत्र्याच्या नावाने सभागृहात येते. सभागृहाची दिशाभूल केली तर तो विशेषाधिकार भंगाचा विषय होऊ शकतो, म्हणून उत्तर लिहिणारे अधिकारी प्रत्येक शब्द तोलून लिहितात. ही तोलून लिहिण्याची सवयच वाचकाच्या कामाची असते, कारण जे लिहिलेले नाही तेही त्यामुळे नेमके दिसू लागते.

आता आरोग्य खात्याची कसोटी. देशात लोकसंख्येच्या प्रमाणात डॉक्टर किती, हा प्रश्न जवळपास प्रत्येक अधिवेशनात कोणी ना कोणी विचारतो. अनेक वर्षे त्याला मिळणारे उत्तर ८३४ लोकांमागे एक डॉक्टर असे होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या १,००० लोकांमागे एक या निकषापेक्षा हे प्रमाण चांगले आहे असे त्यासोबत सांगितले जाई. बातमीत एवढेच छापून येते. दालनातील मूळ उत्तर वाचले तर हा आकडा कसा तयार झाला तेही तेथेच लिहिलेले सापडते: जून २०२२ पर्यंत नोंदणी झालेले ॲलोपॅथीचे १३,०८,००९ डॉक्टर, त्यांपैकी ८० टक्के प्रत्यक्ष उपलब्ध आहेत असे गृहीतक, आणि त्यांत मिळवलेले आयुष पद्धतींचे ५.६५ लाख डॉक्टर. ही बेरीज साधारण १६ लाखांवर जाते. त्यावरून खात्याने धरलेली लोकसंख्या उलट काढली आणि तिला केवळ ॲलोपॅथीच्या उपलब्ध डॉक्टरांनी भागले, तर सुमारे १,२८० लोकांमागे एक डॉक्टर असे प्रमाण येते. आयुष डॉक्टरांना मोजावे की मोजू नये, याबद्दल प्रामाणिक मतभेद असू शकतात आणि आमच्या भागातील अनेक वाड्यांवर तेच एकमेव डॉक्टर आहेत हेही खरे आहे. परंतु १,००० च्या निकषाच्या एका बाजूला असणे आणि दुसऱ्या बाजूला असणे हा फरक एका गृहीतकावर अवलंबून आहे, आणि ते गृहीतक खात्याने लपवलेले नाही. ते उत्तरातच आहे, फक्त शेवटपर्यंत वाचावे लागते. ही या सेवेची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू आहे.

या आकड्यात न येणारी गोष्ट म्हणजे डॉक्टर कोठे आहेत. केंद्राच्याच निकषानुसार सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० लोकसंख्येला एक सामुदायिक आरोग्य केंद्र असावे. डोंगराळ आणि आदिवासी भागात हे आकडे २०,००० आणि ८०,००० असे खाली येतात. सामुदायिक केंद्रात शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन असावेत अशी अपेक्षा आहे. ग्रामीण आरोग्याच्या २०२१-२२ च्या केंद्रीय अहवालानुसार ग्रामीण भागातील सामुदायिक केंद्रांत अशा तज्ज्ञांची सुमारे ८० टक्के कमतरता होती. जो सदस्य डॉक्टरांचे देशव्यापी प्रमाण विचारतो त्याला असा एकच आकडा मिळतो. जो तज्ज्ञांच्या भरलेल्या पदांची राज्यवार माहिती विचारतो त्याला परिशिष्टात तक्ता मिळतो आणि त्यात आपल्या राज्याची ओळ सापडते. सेवा दोघांसाठी एकच आहे, प्रश्न वेगळा आहे.

२० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत आलेल्या एका लेखी उत्तराचा येथे स्वतंत्र उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या तीव्र टंचाईमुळे मोठ्या संख्येने रुग्ण दगावले काय, असा प्रश्न होता. तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या उत्तरात सांगितले गेले की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, राज्ये मृत्यूंची नोंद केंद्राला कळवतात आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी विशेषत्वाने कळवलेले नाही. त्याच उत्तरात असेही होते की पहिल्या लाटेत द्रवरूप ऑक्सिजनची मागणी ३,०९५ टनांपर्यंत गेली होती आणि दुसऱ्या लाटेत ती जवळपास ९,००० टनांवर पोहोचली. हे दोन आकडे आणि ते एक वाक्य एकाच कागदावर आहेत.

ज्यांच्या घरातील माणसे त्या एप्रिल-मे महिन्यांत गेली त्यांना हे वाक्य किती लागले असेल, हे मराठी वाचकाला सांगायला नको. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्णांचा मृत्यू झाला. मे महिन्यात गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील ऑक्सिजनपुरवठ्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला आणि पुरवठ्याअभावी रुग्ण दगावू नयेत यासाठी न्यायालयाला शासनाला निर्देश द्यावे लागले. न्यायालयाच्या नोंदीत एक चित्र आणि संसदेच्या पटलावर दुसरे, असे का व्हावे? उत्तराचे शब्द पुन्हा वाचले तर त्याचे कारण दिसते. ते वाक्य मृत्यू झाले की नाहीत याविषयी नव्हतेच, ते कळवले गेले की नाहीत याविषयी होते. मृत्यूच्या कागदावर आजाराचे नाव लिहिले जाते, रिकाम्या झालेल्या टाकीची नोंद तेथे होत नाही. मला या उत्तराचा तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो. पण ते उत्तर दालनात जसेच्या तसे जतन आहे, कोणीही उघडून वाचू शकतो, आणि कळवण्याचा नमुनाच असा का होता हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो, हेही मी मान्य करतो.

न्याय खात्याची उत्तरे वाचताना सुरुवातीला निराशा होते. देशभरातील न्यायालयांत ५ कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत, हा आकडा आता सर्वांना पाठ झाला आहे. तो राष्ट्रीय न्यायिक माहिती जाल या संकेतस्थळावर रोज पाहता येतो, त्यासाठी खासदाराची गरज नाही; किंबहुना सहज उपलब्ध असलेल्या कागदांतील माहिती प्रश्नाद्वारे मागू नये असा नियमच आहे. प्रलंबित प्रकरणांविषयी विचारले की प्रकरणे निकाली काढणे हे न्यायपालिकेच्या अखत्यारीत आहे, हे वाक्य ठरलेल्या जागी येते. न्यायप्रविष्ट बाबीवर प्रश्न विचारता येत नाही. कनिष्ठ न्यायालयांतील नेमणुका उच्च न्यायालय आणि राज्य शासन यांच्याकडे, म्हणून त्याही केंद्राच्या कक्षेबाहेर. आरोग्य खाते राज्यांकडे बोट दाखवते, न्याय खाते न्यायालयांकडे. संविधानाच्या दृष्टीने दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर देणाऱ्याच्या हातात नेमके काय आहे ते आधी ठरवायला हवे.

दहा लाख लोकसंख्येमागे न्यायाधीश किती, या प्रश्नाचे उत्तर मी याच कारणासाठी महत्त्वाचे मानतो. विधी आयोगाने १९८७ च्या आपल्या १२० व्या अहवालात हे प्रमाण ५० असावे अशी शिफारस केली होती. खात्याच्या उत्तरांत ते २१ च्या आसपास येते. येथेही आकड्याची घडण उत्तरातच दिलेली असते: लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, आणि न्यायाधीशांची संख्या मंजूर पदांची. मंजूर पद म्हणजे खुर्ची, तीवर बसलेला माणूस नव्हे. जिल्हा व दुय्यम न्यायालयांतील सुमारे २५,००० मंजूर पदांपैकी ५,००० च्या आसपास पदे या काळात रिक्त राहत आली आहेत. प्रत्यक्ष काम करणारे न्यायाधीश घेतले आणि लोकसंख्या १४० कोटी धरली, तर माझ्या हिशेबाने हे प्रमाण १५ पर्यंत उतरते. डॉक्टरांच्या आकड्यात जे घडले तेच येथे घडले: अंश मोठा धरला गेला, येथे तर छेदही लहान धरला गेला, आणि दोन्ही गोष्टी उघडपणे लिहिल्या गेल्या. पूरक प्रश्न विचारायची संधी मिळालेल्या सदस्याने या छेदावर बोट ठेवले तर एका मिनिटात खरी चर्चा सुरू होऊ शकते. दुर्दैवाने तशी संधी फार थोड्यांना मिळते, कारण २० तारांकित प्रश्नांपैकी अनेकदा पाच-सहांच्या पुढे तास जात नाही आणि गोंधळात तास वाया गेला तर उरलेल्या प्रश्नांची उत्तरे नुसती पटलावर ठेवली जातात. २०२० च्या सप्टेंबरमधील अधिवेशनात तर हा तासच नव्हता, केवळ लेखी उत्तरे होती.

न्याय खात्याच्या हातात ज्या गोष्टी खरोखर आहेत त्यांवर विचारले की उत्तरांचा दर्जा एकदम सुधारतो. बलात्कार आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांसाठी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या जलदगती विशेष न्यायालयांच्या योजनेत १,०२३ न्यायालयांचे लक्ष्य होते. त्यांपैकी किती चालू आहेत, कोणत्या राज्याला किती निधी गेला, किती प्रकरणे निघाली, याचे तक्ते दालनात मिळतात. ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ७,२१० कोटी रुपयांच्या खर्चाचा हिशेबही मिळतो. आमच्या कामाला सर्वांत उपयोगी पडतात ती विधी सेवेविषयीची उत्तरे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि १५१०० हा त्यासाठीचा क्रमांक आहे. किती जणांना तो मिळाला याचे राज्यवार आकडे मी दरवर्षी उतरवून घेतो आणि समितीच्या बैठकीत ठेवतो.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. उत्तरे हिंदी आणि इंग्रजीत असतात, तक्ते परिशिष्टात असतात, आणि एखाद्या जिल्ह्याचा शोध घेणाऱ्याला बहुतेक वेळा राज्यावरच थांबावे लागते. माझ्याकडे येणाऱ्या माणसांपैकी फार थोडे जण हे एकट्याने वाचू शकतील.

मराठी वाचकासाठी म्हणूनच दुसरी सेवा अधिक जवळची आहे, ती म्हणजे महाराष्ट्र विधानमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या. त्यांची भाषा एकदा कानात बसली की विसरत नाही. प्रश्न 'हे खरे आहे काय' असा सुरू होतो, मग 'असल्यास' चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. उत्तर 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे' किंवा 'हे खरे नाही' असे येते आणि पुढच्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही' हे उत्तर मिळू शकते. ही चौकट मला अतिशय आवडते, कारण तिने शासनाला आधी होय किंवा नाही म्हणायला लावले आहे. तिचा धोकाही तेथेच आहे: पहिल्या भागात एक तपशील चुकला, गावाचे नाव किंवा महिना इकडचा तिकडे झाला, तर 'हे खरे नाही' म्हणून सगळा प्रश्न गळून पडू शकतो.

प्रश्न कोणत्या खात्याला विचारावा हेही सोपे नसते. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. सर्वसामान्य माणूस याला आरोग्य खात्याचा विषय समजेल. परंतु वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, पालिकांची रुग्णालये नगरविकासाच्या वर्तुळात, आणि औषधांची खरेदी बराच काळ हाफकिन या शासकीय महामंडळामार्फत होत होती, जी आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे गेली आहे. ज्या आमदाराला हा नकाशा ठाऊक आहे त्याचा प्रश्न नेमक्या टेबलावर पोहोचतो. या नकाशाचे एक साधे मराठी पान विधानमंडळाने प्रश्नांच्या यादीसोबत द्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

'माहिती गोळा करण्यात येत आहे' असे उत्तर आले की बहुतेक वाचक तेथेच थांबतात. त्यांनी थांबू नये. असे उत्तर म्हणजे सभागृहाला दिलेले आश्वासन समजले जाते, लोकसभेत ते तीन महिन्यांत पुरे करावे लागते, आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र समिती असते. महाराष्ट्रातही आश्वासन समिती आहे.

पाचपैकी गुण द्यायचे तर उत्तरे जतन करणे आणि ती सर्वांना खुली ठेवणे यासाठी मी संसदेच्या दालनाला साडेचार देईन, आरोग्य खात्याच्या उत्तरांना तीन, न्याय खात्याच्या उत्तरांना अडीच, आणि सामान्य मराठी माणसाला त्यांचा किती उपयोग होतो या निकषावर दोन. शेवटचा आकडा वाढवणे काही अंशी आपल्याच हातात आहे. बहुतेक लोकप्रतिनिधींकडे प्रश्न तयार करायला मनुष्यबळ कमी असते, आणि नेमका लिहिलेला मसुदा हाती दिला तर तो स्वीकारला जातो असा माझा दोनदा आलेला अनुभव आहे.

पुढच्या अधिवेशनासाठी मी आमच्या भागातील आमदारांकडे देणार असलेला मसुदा दवाखाना आणि कोर्ट जेथे एकत्र येतात त्या जागेविषयी आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. यांच्यातील मनोरुग्णांसाठी २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट तरतूद आहे, आणि त्या कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, निवृत्त जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पदासाठी पात्र असलेला राज्य न्यायिक सेवेतील अधिकारी असावा असेही त्यात म्हटले आहे. मसुदा असा:

सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :-

(१) मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०३ नुसार तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने तुरुंगात मनोरुग्ण बंदी नसल्याचे प्रमाणित करणारा अहवाल दर तिमाहीस संबंधित मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवणे बंधनकारक आहे, हे खरे आहे काय,

(२) असल्यास, मागील चार तिमाहींत राज्यातील प्रत्येक मध्यवर्ती व जिल्हा कारागृहाकडून असे किती अहवाल प्राप्त झाले, तसेच सदर कारागृहांत वैद्यकीय अधिकाऱ्यांची किती पदे मंजूर, किती भरलेली व किती रिक्त आहेत,

(३) मंडळांच्या अध्यक्षांची व सदस्यांची किती पदे भरलेली आहेत आणि मंडळांनी किती कारागृहांना प्रत्यक्ष भेटी दिल्या,

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?